चौरस, चौकोन आणि चतुरस्र : एका वर्गीकरणाचा इतिहास

'चौरस हा आयत आहे का?' हा प्रश्न आठवीच्या वर्गात विचारला, तर बहुसंख्य मुले 'नाही' असे उत्तर देतात. गणिताचे शिक्षक हे उत्तर चुकीचे ठरवून पुढे जातात. साहित्याच्या अभ्यासकाने मात्र येथे थोडे थांबायला हवे. कारण मुलाचे उत्तर आकृतीविषयी कमी आणि शब्दाविषयी अधिक असते. दोन वस्तूंना दोन नावे असतील तर त्या वस्तू वेगळ्याच असणार, हा भाषेचा साधा व्यवहार त्याने भूमितीला लावलेला असतो. नाव आणि वर्ग यांचे नाते काय, एका नावाच्या पोटात दुसरे नाव राहू शकते का, आणि राहिले तर त्या दुसऱ्या नावाची प्रतिष्ठा कमी होते का, हे प्रश्न व्याकरणाचे, वाङ्मयप्रकारांचे आणि बोलींचेही आहेत. चौकोनांच्या वर्गीकरणाचा इतिहास त्यासाठीच पाहण्याजोगा आहे.

सुरुवात शब्दांपासूनच करू. 'चौरस' हा शब्द संस्कृत 'चतुरस्र' या शब्दाचा तद्भव. यातील 'अस्र' किंवा 'अश्रि' म्हणजे कोपरा, कड. म्हणजे चौरस या शब्दाचा मूळ अर्थ केवळ 'चार कोपऱ्यांचा' एवढाच. 'चौकोन' हा 'चतुष्कोण' या शब्दाचा तद्भव, आणि त्याचाही अर्थ तोच. व्युत्पत्तीने हे दोन्ही शब्द समानार्थी आहेत. व्यवहाराने मात्र त्यांच्यात वाटणी केली. एकाला चार समान भुजांची व काटकोनांची आकृती मिळाली, दुसऱ्याकडे उरलेला सगळा प्रदेश आला. ही वाटणी अजूनही पुरती पक्की झालेली नाही. 'चौकोनी कुटुंब' म्हणताना आपण फक्त संख्या मोजतो. 'चौरस आहार' म्हणताना समतोल अभिप्रेत असतो. आणि एखाद्या दिवंगत साहित्यिकाचा गौरव करताना जेव्हा 'चतुरस्र व्यक्तिमत्त्व' असे लिहितो, तेव्हा तोच शब्द तत्सम रूपात येऊन सर्व बाजूंनी संपन्न असा अर्थ देतो. एकाच मुळाचे तीन शब्द, तीन घरी नांदणारे.

आणखी एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. त्रिकोण, चौकोन, पंचकोन, षटकोन असे आपण कोन मोजत जातो. पण संख्या अनिश्चित झाली की 'बहुभुज' म्हणून भुजा मोजू लागतो. हिंदीने त्रिभुज, चतुर्भुज असे आरंभापासून भुजांचेच शब्द ठेवले. शिवाय 'त्रिकोण'मधला 'ण' संस्कृतातून तसाच आला, तर 'चौकोन' लोकांच्या तोंडून घडल्यामुळे त्यात 'न' आला. एका प्रकरणात शेजारी शेजारी बसलेले हे दोन शब्द भाषेच्या दोन वेगळ्या वाटांनी तेथे पोचले आहेत.

आता वर्गीकरणाकडे वळू. इसवी सनापूर्वी सुमारे ३०० या काळातील युक्लिडने 'मूलतत्त्वे' या ग्रंथाच्या पहिल्या खंडातील बाविसाव्या व्याख्येत चौकोनांचे पाच प्रकार सांगितले. चारी भुजा समान व कोन काटकोन तो चौरस. कोन काटकोन पण भुजा समान नाहीत तो आयत. भुजा समान पण कोन काटकोन नाहीत तो समभुज चौकोन. संमुख भुजा व संमुख कोन समान, परंतु सर्व भुजा समान नाहीत आणि कोन काटकोन नाहीत, तो चौथा. आणि बाकी सर्व पाचव्या ढिगात. येथे 'पण' हा शब्द निर्णायक आहे. युक्लिडच्या व्याख्येप्रमाणे चौरस हा आयत नाही आणि समभुज चौकोनही नाही. आपल्या आठवीतल्या मुलाच्या पाठीशी प्रत्यक्ष युक्लिड उभा आहे!

परंतु हाच युक्लिड पुढे स्वतःची वर्गवारी मोडतो. त्याच खंडातील चौतिसाव्या सिद्धान्तात तो समांतरभुज आकृतीबद्दल बोलू लागतो. हा शब्द त्याने बाविसाव्या व्याख्येत दिलेलाच नव्हता. या एका शब्दात चौरस, आयत, समभुज चौकोन आणि तो चौथा प्रकार असे चौघेही सामावतात. कारण उघड आहे. संमुख भुजा समान असतात हे चार वेळा सिद्ध करण्यापेक्षा एकदाच सिद्ध करून चौघांना लागू करणे सोयीचे. नावे ठेवताना माणूस वेगळेपण शोधतो आणि सिद्धता देताना सारखेपण शोधतो. पाचव्या शतकातील भाष्यकार प्रोक्लस याने मग पुढची मांडणी नोंदवली. आधी समांतरभुज आणि असमांतरभुज असे दोन गट, आणि मग त्यांचे पोटभेद. सपाट यादीच्या जागी वंशवृक्ष आला.

आपल्याकडची परंपरा यज्ञवेदीपासून सुरू होते. शुल्बसूत्रांमध्ये चौरसाला 'समचतुरस्र' आणि आयताला 'दीर्घचतुरस्र' म्हटले आहे. ही नावे पाहा. एक जातिवाचक शब्द, आणि त्याला लावलेले दोन विशेषण. 'चतुरस्र' हे कुळ, 'सम' आणि 'दीर्घ' या शाखा. सोमयागातील महावेदीचा आकार समद्विभुज समलंब चौकोनाचा असे. पूर्वेची बाजू २४, पश्चिमेची ३० आणि लांबी ३६ पदे. आपस्तंबाने तिचे क्षेत्रफळ ९७२ सांगितले आणि ते कसे येते हेही दाखवले. एका बाजूचा त्रिकोणी तुकडा कापून दुसऱ्या बाजूला उलटा जोडायचा, म्हणजे वेदीचा आयत होतो. आकृतीचा प्रकार ओळखला की क्षेत्रफळाची वाट सापडते, हे सूत्र येथे प्रथम दिसते.

पण प्रकार ओळखला नाही तर काय होते? हा प्रश्न केवळ वर्गातला नाही. चार बाजूंच्या शेताचे क्षेत्रफळ काढण्याची एक फार जुनी रीत आहे. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. प्राचीन इजिप्तमध्ये ती वापरात होती. सातव्या शतकात ब्रह्मगुप्ताने ती नोंदवली, मात्र तिला 'स्थूल' म्हटले. ही रीत फक्त आयताला अचूक लागू पडते. अन्य कोणत्याही चौकोनात ती क्षेत्रफळ जास्तच दाखवते, कमी कधीच दाखवत नाही. म्हणजे सारा क्षेत्रफळावर ठरत असेल, तर या रीतीतील चूक प्रत्येक वेळी कसणाऱ्याच्याच माथी येणार.

पूर्व विदर्भातल्या धानाच्या बांधीचे उदाहरण घेऊ. चंद्रपूर-गडचिरोलीकडे बांध घालून पाणी अडवलेल्या धानाच्या तुकड्याला 'बांधी' म्हणतात. उताराला धरून घातलेल्या या बांध्या क्वचितच काटकोनी असतात. समजा एका बांधीच्या बाजू अनुक्रमे ५०, ४०, ५० आणि ४० मीटर आहेत. वरील रीतीने क्षेत्रफळ २००० चौरस मीटर येईल. ती बांधी आयताकृती असेल तर हे खरे. पण ती समांतरभुज असून तिचा एक कोन ६० अंशांचा असेल, तर खरे क्षेत्रफळ सुमारे १७३२ चौरस मीटर. फरक २६८ चौरस मीटरांचा, म्हणजे अडीच गुंठ्यांहून अधिक. चारही बाजू त्याच, दोरी तीच, मोजणारा प्रामाणिक. तरीही अडीच गुंठे कागदावर उगवले. चूक मोजण्यात नाही. हा कोणत्या प्रकारचा चौकोन, हे न विचारण्यात आहे.

हे ज्याने अत्यंत स्पष्टपणे सांगितले, तो भास्कराचार्य. जन्म १११४, 'लीलावती' ११५० च्या सुमाराची. चौकोनाच्या केवळ बाजू देऊन, लंब वा कर्ण न सांगता जो निश्चित क्षेत्रफळ विचारतो, त्याला भास्कराचार्य चक्क पिशाच म्हणतात. आणि जो उत्तर द्यायला निघतो, तो त्याहून मोठा पिशाच. गणिताच्या ग्रंथात इतका त्रागा विरळा. कारण चार बाजू दिल्या तरी चौकोन स्थिर राहत नाही, तो खिळखिळ्या खाटेसारखा एका अंगाला कलतो. एक कर्ण ठरला की तो जागच्या जागी उभा राहतो.

याचे भास्कराचार्यांनी दिलेले उदाहरण वर्गीकरणाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. चारही बाजू २५ असलेला चौकोन घ्या, असे ते सांगतात. त्याचे कर्ण ३० आणि ४० असतील तर क्षेत्रफळ ६००. कर्ण १४ आणि ४८ असतील तर ३३६. आणि दोन्ही कर्ण समान असतील तर ६२५. हा तिसरा चौकोन म्हणजे आपला चौरस! भास्कराचार्यांच्या मांडणीत तो वेगळ्या जातीचा नाही. समान बाजूंच्या चौकोनांपैकीच, पण समान कर्णांचा. 'चौरस हा समभुज चौकोन आहे का?' या प्रश्नाला युक्लिडची व्याख्या 'नाही' म्हणते, 'लीलावती' मात्र 'होय, आणि त्याचे वैशिष्ट्य अमुक' असे उत्तर देते. एका वर्गीकरणात वेगळेपण भिंतीने दाखवले जाते, दुसऱ्यात विशेषणाने.

मराठीच्या अभ्यासकांसाठी येथे एक दुवा आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापन केला. त्याला निकुंभ वंशातील सोन्हदेवाने दिलेल्या दानाचा शिलालेख शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०६-०७ च्या सुमाराचा. डॉ. भाऊ दाजी यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. हा लेख संस्कृतात असला तरी त्याचा शेवटचा भाग मराठीत आहे, आणि आरंभकालीन मराठी शिलालेखांत त्याची गणना होते. चौकोनाच्या अभ्यासासाठी दिलेले दान आणि मराठीची एक जुनी लिखित खूण एकाच दगडावर आहेत. 'लीलावती' आधुनिक मराठी वाचकापर्यंत आणणारे पुस्तक म्हणजे ना. ह. फडके यांचे 'लीलावती पुनर्दर्शन' (१९७१). हे फडके कादंबरीकार ना. सी. फडके नव्हेत, हे सांगायला हवे. साहित्याच्या वर्तुळात एका आद्याक्षरानेही वर्ग बदलतो.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंगाच्या दरबारातील जगन्नाथ सम्राट याने युक्लिडचा ग्रंथ 'रेखागणित' या नावाने संस्कृतात आणला. त्याचा आधार नसीरुद्दीन तुसीची अरबी आवृत्ती होता. म्हणजे ग्रीक चौकोन अरबीतून संस्कृतात आला. पुढे १८२२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या शाळापुस्तक मंडळीच्या काळात जॉर्ज जर्व्हिस यांनी शास्त्र्यांच्या साहाय्याने चार्ल्स हटन या इंग्रज गणितज्ञाच्या ग्रंथांवरून मराठीत गणिताची पुस्तके सिद्ध केली. या हटनची एक करामत प्रसिद्ध आहे. प्रोक्लसच्या काळापासून 'ट्रॅपेझियम' म्हणजे दोन समांतर बाजूंचा आणि 'ट्रॅपेझॉइड' म्हणजे एकही समांतर बाजू नसलेला चौकोन. हटनने १७९५ च्या आपल्या गणितकोशात हे दोन अर्थ एकमेकांच्या जागी टाकले. इंग्लंडने नंतर ते सावरले; अमेरिकेत मात्र दोन समांतर बाजूंच्या चौकोनाला आजही 'ट्रॅपेझॉइड'च म्हणतात. कोशकाराच्या हातून शब्द फिरला की दोन देशांची पाठ्यपुस्तके कशी दुभंगतात, याचे हे उत्तम उदाहरण.

मराठीत हा गोंधळ शिरला नाही, कारण आपल्याकडे 'समलंब' हा शब्द आधीपासून होता. भास्कराचार्यांच्या परंपरेतला हा शब्द. दोन बाजूंमधले लंब समान, म्हणून समलंब. येथे समांतरतेचा उल्लेख नाही, तरी अर्थ तोच आहे. रेषा अनंतापर्यंत वाढवल्या तरी मिळत नाहीत, असे म्हणण्याऐवजी ठिकठिकाणी दोरी टाकून अंतर सारखे भरते, असे म्हणणारी ही दृष्टी मोजणी करणाऱ्याची आहे. आपल्या 'समांतरभुज' आणि 'समलंब' या दोन शब्दांत एकच गुणधर्म दोन दृष्टींनी सांगितला गेला आहे, आणि विद्यार्थ्याला हे कोणी सांगत नाही.

चंद्रपूरच्या शाळांपर्यंत हे शब्द पोचण्याचा मार्ग आणखी वळणाचा आहे. नागपूरच्या भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि चांदा इंग्रजी अमलाखाली आला. पुढे मध्य प्रांत, मध्य प्रांत व वऱ्हाड, १९५० पासून मध्य प्रदेश, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य आणि १९६० मध्ये महाराष्ट्र असा या जिल्ह्याचा प्रवास झाला. त्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा निघाला. म्हणजे १९५६ पर्यंत चांद्याचे मराठी शिक्षण हिंदी-मराठी अशा दुहेरी प्रांतात वाढले. डॉ. रघुवीर यांचे संस्कृतनिष्ठ परिभाषेचे प्रचंड काम याच काळात नागपुरात चालले होते. महाराष्ट्र स्थापनेनंतर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आले, आणि १९६७ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या बालभारतीने राज्यभर एकच पुस्तक दिले.

पुस्तक एक झाले, कान मात्र एक नव्हते. सिरोंच्याच्या तेलुगूभाषक मुलाच्या घरी चौरसाला 'चतुरस्रम्' म्हणतात आणि आयताला 'दीर्घचतुरस्रम्'. शुल्बसूत्रांतला शब्द त्याच्या घरात जिवंत आहे. कोरचीच्या बाजूला छत्तीसगडच्या शाळांतून येणारी हिंदी चौरसाला 'वर्ग' आणि समभुज चौकोनाला 'समचतुर्भुज' म्हणते. हा दुसरा शब्द 'लीलावती'च्या परंपरेतला. चामोर्शी-मुलचेरा भागात पूर्व पाकिस्तानातून येऊन वसलेल्या बंगाली कुटुंबांत 'वर्गक्षेत्र' आणि 'आयतक्षेत्र' आहे. भामरागड-एटापल्लीच्या माडिया मुलाला तर प्रमाण मराठी हीच आधी शिकावी लागते, भूमिती नंतर. आणि वडसा, ब्रह्मपुरी, आरमोरीकडचे झाडीबोली बोलणारे मूल 'ण'च्या जागी 'न' उच्चारते. त्याच्या तोंडी 'त्रिकोण'चा 'तिरकोन' झाला की पुष्कळदा भूमितीऐवजी उच्चारच सुधारला जातो. 'चौकोन'मधला 'न' मात्र प्रमाण मराठीने आपलासा केलेला असतो. एकच 'न' एका शब्दात शुद्ध आणि दुसऱ्यात अशुद्ध कसा, हे त्या मुलाला कोणी समजावत नाही.

२०१८ पासूनच्या आठवीच्या पाठ्यपुस्तकात चौकोनाच्या प्रकारांवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातील व्याख्या बारकाईने पाहिल्या तर दोन्ही परंपरा एकत्र नांदताना दिसतात. सर्व कोन काटकोन तो आयत, अशी व्याख्या असल्याने चौरस आपोआप आयतात येतो. एक कर्ण दुसऱ्याचा लंबदुभाजक असेल तर तो पतंग, म्हणून समभुज चौकोनही पतंगात येतो. पण समलंब चौकोनाच्या व्याख्येत संमुख भुजांची 'एकच' जोडी समांतर असावी असा निर्बंध आहे, म्हणून समांतरभुज चौकोन समलंब ठरत नाही. अर्ध्या वंशवृक्षाला फांद्या आहेत, अर्ध्या ठिकाणी युक्लिडची भिंत आहे. यात चुकीचे काही नाही, व्याख्या हा करारच असतो. मात्र करार एका पानावर एका पद्धतीचा आणि दुसऱ्या पानावर दुसऱ्या पद्धतीचा असेल, तर ते विद्यार्थ्याला सांगितले पाहिजे.

१९५७ मध्ये नेदरलंड्समधील पिअर आणि डिना व्हान हिले या शिक्षक दांपत्याने आपल्या प्रबंधांत भूमितीच्या आकलनाच्या पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवर मूल आकृती चेहऱ्यासारखी ओळखते, दुसरीवर तिचे गुणधर्म पाहते, आणि तिसरीवर गुणधर्मांतील नाती पाहून एक वर्ग दुसऱ्यात सामावतो हे समजते. शिक्षक तिसऱ्या पायरीवरून बोलत असेल आणि मूल पहिल्या पायरीवर उभे असेल, तर दोघे एकच शब्द वापरूनही एकमेकांना समजत नाहीत. साहित्याच्या वर्गात याचा अनुभव नेहमीचाच. सुनीत ही कविता आहे, हे सर्वांना मान्य. दंडार हे नाटक आहे का, असे विचारले की वर्गात दोन तट पडतात. नाटक म्हटल्यावर डोळ्यांसमोर उभा राहणारा चेहरा पुण्या-मुंबईच्या रंगमंचाचा असतो.

याचेच सर्वांत गंभीर रूप भाषेच्या बाबतीत दिसते. 'झाडीबोली ही मराठी आहे का?' या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ जण चौरस-आयताच्या चालीवर देतात. तिला वेगळे नाव आहे, म्हणजे ती मराठी नव्हे, किंवा फार तर बिघडलेली मराठी. येथे मराठी हे कुळाचे नाव आणि प्रमाण मराठी हे त्यातील एका शाखेचे नाव, हा भेद पुसला जातो. शाखाच कुळाचे नाव घेऊन बसते, जसा 'चार कोपऱ्यांचा' एवढाच अर्थ असलेला 'चौरस' एका विशिष्ट आकृतीचा होऊन बसला. शुल्बसूत्रकारांनी 'सम' आणि 'दीर्घ' अशी दोन्ही विशेषणे उच्चारली होती, कोणतेही एक गृहीत धरले नव्हते. प्रमाण मराठी, झाडीबोली मराठी, वऱ्हाडी मराठी असे म्हणताना प्रत्येकीला विशेषण लावणे हा तोच प्रामाणिकपणा.

गोंडी आणि माडिया यांच्याबाबत मात्र उलट सावधगिरी हवी. त्या द्राविडी कुळातील स्वतंत्र भाषा आहेत. त्यांना मराठीच्या बोली म्हणणे म्हणजे कोणत्याही चौकोनाला आयताची रीत लावणे. तसे केले की हिशेब नेहमी एकाच बाजूने फुगतो आणि तूट नेहमी त्याच माणसाच्या पदरी पडते. सामावून घेण्याजोगे काय आणि वेगळे मानण्याजोगे काय, हे ठरवण्यासाठी नावांकडे पाहून भागत नाही, एक कर्ण प्रत्यक्ष मोजावा लागतो. भास्कराचार्यांचा त्रागा त्यासाठीच होता.